‘अराजकवादी’ हा शब्द कोणाचा? औरंगाबादचे कान्हेरे, मुंबईचे आचार्य आणि सरकारी दप्तर

१/ २१ डिसेंबर १९०९. नाशिकचे विजयानंद नाट्यगृह, रंगमंचावर ‘संगीत शारदा’. नाटकाला आलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे औरंगाबादहून आले होते आणि त्यांना अजून अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हेही त्याच दिवशी फासावर गेले.

२/ त्या काळच्या सरकारी कागदांत आणि इंग्रजी वृत्तपत्रांत अशा तरुणांसाठी एक ठरलेला शब्द होता: ‘अ‍ॅनार्किस्ट’. मराठीत त्याचे ‘अराजकवादी’ झाले. ब्रिटिश राज्य गेले, पण शब्द मागे राहिला. क्रांतिकारकांवरच्या लेखांत आणि चित्रफितींत तो आजही निःशंकपणे वापरला जातो. कधी तो दूषण म्हणून येतो, तर कधी, विचित्र वाटले तरी, गौरव म्हणून.

३/ या धाग्याचे प्रतिपादन असे: कान्हेरे आणि त्यांचे सहकारी अराजकवादी नव्हते. तो शब्द राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी चिकटवला. या चुकीच्या नावाची किंमत मोजली ती खऱ्याखुऱ्या अराजकवाद्याने. हा माणूस मुंबईत राहिला, त्याने आपल्या आठवणी पुण्याच्या साप्ताहिकात छापल्या आणि मुंबईतच तो विस्मृतीत मेला.

४/ प्रथम औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. १९०९ साली ते निजामाच्या राज्यात होते आणि ब्रिटिश पोलिसांचा तेथे थेट अंमल चालत नसे. मनमाडमार्गे नाशिकशी रेल्वेने संबंध होता. खेड तालुक्यातल्या आयनी गावचे कान्हेरे शिक्षणासाठी या शहरात आले आणि गंगाराम रूपचंद यांच्या घरी राहिले. नाशिकच्या गुप्त मंडळाचे धागे याच घरापर्यंत पोहोचले होते.

५/ कान्हेरे यांनी ‘मित्रप्रेम’ नावाची कादंबरीही लिहिली होती. ज्या मुलाला दप्तराने ‘अराजक’ ठरवले, त्याने स्वतःहून लिहायला घेतलेला विषय मैत्री होता. एवढ्यावरून त्याच्या कृत्याचा निवाडा होत नाही, होऊही नये. मात्र माणसाचे स्वतःचे शब्द आणि त्याला लावलेले शब्द यांतले अंतर येथे प्रथम दिसते.

६/ आता विचारसरणीचा प्रश्न. नाशिकची ‘अभिनव भारत’ कोणाला आदर्श मानत होती? इटलीच्या जोसेफ मॅझिनीला. विनायक दामोदर सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद केला आणि तो १९०७ साली प्रसिद्ध झाला. परकी सत्ता घालवून स्वकीयांचे एकसंध प्रजासत्ताक राष्ट्र उभारायचे, हा मॅझिनीचा ध्यास होता. म्हणजे त्याला राज्य हवे होते, आणि ते बळकट हवे होते.

७/ युरोपातल्या अराजकवादाचा पुढारी मिखाईल बाकुनिन याला नेमके हेच खटकत होते. १८७१ साली पॅरिस कम्यूनवरून मॅझिनीने टीका केली, तेव्हा बाकुनिनने मॅझिनीच्या विरोधात प्रखर लेखन केले. ईश्वर आणि राष्ट्र यांच्या नावाने माणसाला पुन्हा सत्तेच्या पायाशी बांधले जाते, असा त्याचा आक्षेप होता. मॅझिनीच्या शिष्यांना बाकुनिनच्या पंथात घालणे म्हणजे वादीला प्रतिवादीच्या पक्षात बसवणे होय.

८/ मग अराजकवाद म्हणजे काय? १८४० साली फ्रेंच लेखक प्रूदाँने स्वतःला अभिमानाने ‘अ‍ॅनार्किस्ट’ म्हटले. १८७२ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिए येथे या पंथाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मूळ कल्पना अशी: माणसांनी परस्पर साहाय्याने, करारांनी आणि स्वयंशासित संघांच्या जाळ्याने जगावे, त्यांच्यावर राज्यसंस्थेची सक्ती नसावी.

९/ मराठी शब्दानेच येथे घात केला. संस्कृत परंपरेत ‘अराजक’ म्हणजे राजा नसलेला, म्हणून भयग्रस्त प्रदेश. वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या निधनानंतर अशा प्रदेशाचे भीषण वर्णन येते, आणि मोठा मासा लहान माशाला गिळतो तो ‘मात्स्यन्याय’ही याच संदर्भातला. ‘अराजकवादी’ म्हणताच मराठी मनात गोंधळ आणि लुटालूट उभी राहते. विचार कानावर येण्याआधीच निकाल लागलेला असतो.

१०/ राज्यकर्त्यांना मात्र हा शब्द अतिशय उपयोगी होता. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो, १८९८ साली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, १९०० साली इटलीचा राजा उंबेर्तो आणि १९०१ साली अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांना अराजकवादी म्हणवणाऱ्यांनी ठार केले. हे घडले होते आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण त्यातून सरकारांच्या हाती एक हत्यार आले.

११/ ते हत्यार कायद्याचे होते. इंग्लंडमध्ये राजकीय गुन्हेगाराला परराष्ट्राच्या स्वाधीन करत नसत. १८९४ साली मोनिए या फ्रेंच अराजकवाद्याच्या खटल्यात इंग्लिश न्यायालयाने ठरवले की त्याला हे संरक्षण नाही. राजकीय गुन्ह्यासाठी आपापले शासन आणू पाहणारे पक्ष लागतात. अराजकवादी तर साऱ्याच शासनांचा शत्रू, म्हणून त्याचा गुन्हा राजकीय नव्हे.

१२/ यातली मेख ओळखली पाहिजे. ‘अराजकवादी’ म्हटले की आरोपीची मागणी नाहीशी होते आणि केवळ गुन्हा उरतो. ‘आम्हांला आमचे राज्य हवे’ असे म्हणणाऱ्याशी निदान वाद घालावा लागतो. ‘याला कोणतेच राज्य नको’ असे एकदा ठरवले की वादाची गरज संपते. वसाहतीच्या सत्तेला याहून सोयीचे काय असणार?

१३/ पुढचा इतिहास याला साक्ष आहे. १९०३ साली अमेरिकेने अराजकवाद्यांना प्रवेशबंदी केली. १९१९ चा रौलट कायदा सर्वांना ठाऊक असतो, पण त्याच्या अधिकृत नावाकडे क्वचितच लक्ष जाते. ‘अराजकी व क्रांतिकारक गुन्हे कायदा’ असे ते नाव होते. ‘अराजकी’ हा शब्द आधी आणि ‘क्रांतिकारक’ नंतर. विनाचौकशी डांबण्याची सोय करणाऱ्या कायद्याच्या कपाळावरच हे लेबल होते.

१४/ यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, आणि बंगालचे हेमचंद्र दास यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवली. त्या पुस्तिकेच्या प्रती कलकत्त्यातही सापडल्या आणि नाशिकमध्येही. मग अराजकवाद्यांशी नाते नव्हते असे कसे म्हणावे?

१५/ उत्तर असे की कृती शिकणे वेगळे आणि सिद्धांत स्वीकारणे वेगळे. कान्हेरे यांच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल युरोपात बनलेले होते. ते हाती धरल्याने कोणी युरोपीय होत नाही. बापटांनी पुढे मुळशीचा सत्याग्रह केला म्हणून १९०८ सालचे बापट सत्याग्रही ठरत नाहीत. साधन आणि साध्य यांत पोलिसांनी भेद केला नाही, कारण त्यांना तो करायचाच नव्हता. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तशी मुभा नाही.

१६/ त्या पिस्तुलाच्या वाटेनेच आता लंडनला जावे लागते. १९०९ च्या आरंभी ‘इंडिया हाउस’मधून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली. जॅक्सनवधातले पिस्तूल त्यांपैकीच. हायगेट भागातल्या त्या घरात तेव्हा मद्रासहून आलेला एक एकवीस वर्षांचा तरुण राहत होता: मंडयम पार्थसारथी तिरुमल आचार्य.

१७/ आचार्यांचा जन्म १८८७ चा. सुब्रह्मण्य भारती ज्याचे संपादन करत त्या ‘इंडिया’ या तमिळ साप्ताहिकाशी मंडयम घराण्याचा निकटचा संबंध होता. दडपशाही सुरू होताच पत्र फ्रेंच अमलाखालच्या पाँडिचेरीत हलवण्यात आले आणि १९०८ च्या अखेरीस आचार्य युरोपला निघाले. तेव्हा तेही राष्ट्रवादीच होते. अराजकवाद अजून फार दूर होता.

१८/ १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायलीला मारले. चार दिवसांनी कॅक्स्टन हॉलमधल्या निषेधसभेत सावरकरांनी एकमताच्या ठरावाला विरोध केला आणि त्यांना मार बसला. मारणाऱ्यावर आचार्यांनी काठी चालवली, असे त्या काळच्या आठवणी सांगतात. ऑगस्टमध्ये आचार्य आणि सुखसागर दत्त स्पेनशी लढणाऱ्या रीफ टोळ्यांना मिळण्यासाठी मोरोक्कोकडे निघाले. ती मोहीम फसली.

१९/ त्याच वर्षी लंडनमध्ये एक खरा अराजकवादी तुरुंगात गेला, आणि तो हिंदुस्थानी नव्हता. श्यामजी कृष्णवर्मा यांचे ‘इंडियन सोशिऑलॉजिस्ट’ छापायला मुद्रक धजेनात. तेव्हा बावीस वर्षांच्या गाय ऑल्ड्रेड या इंग्रजाने मुद्रणस्वातंत्र्यासाठी ते छापले आणि त्याला बारा महिन्यांची सक्तमजुरी झाली. ‘अराजकवादी’ हे नाव ज्याने स्वतः घेतले होते त्याचे हत्यार छापखाना होते. विरोधाभास तेथेच उघडा पडतो.

२०/ आचार्यांची पुढची वाट लांबची आहे. बर्लिन, कॉन्स्टॅन्टिनोपल, न्यूयॉर्क. महायुद्धात जर्मनीच्या आश्रयाने चाललेली बर्लिनची हिंदी समिती. १९१७ साली स्टॉकहोम. १९१९ मध्ये राजा महेंद्रप्रताप यांच्यासोबत मॉस्कोत लेनिनची भेट. १७ ऑक्टोबर १९२० रोजी ताश्कंदमध्ये हिंदी कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. त्याच्या सात संस्थापकांत आचार्य होते.

२१/ काही महिन्यांतच मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी खटका उडाला आणि आचार्यांना पक्षातून काढण्यात आले. नव्या सोव्हिएत सत्तेचा व्यवहार त्यांनी आतून पाहिला. १९२२ मध्ये ते चित्रकार पत्नी माग्दा नाखमान यांच्यासह बर्लिनला आले आणि तेथे आकार घेत असलेल्या अराजकवादी कामगार आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडले गेले.

२२/ आचार्य अराजकवादी झाले ते ग्रंथ वाचून नव्हे, किंवा निदान केवळ ग्रंथ वाचून नव्हे. ब्रिटिश सत्ता त्यांनी भोगली होती, जर्मन सरकारचा आश्रय पाहिला होता आणि क्रांतीच्या नावाने उभी राहिलेली सत्ताही अनुभवली होती. तिन्ही ठिकाणी हिंदी माणूस सरकारांच्या पटावरचे प्यादे होता. पुढे रशियातल्या व्यवस्थेवर त्यांनी सातत्याने टीका केली. राज्यच मालक होऊन बसले तर कामगाराची सुटका होत नाही, हा तिचा गाभा होता.

२३/ आणि पोलिसी व्याख्येला पूर्ण उलटवणारी गोष्ट येथे येते. तारुण्यात काठी आणि बंदुकीकडे धावलेला हा माणूस अराजकवादी झाल्यावर हिंसेपासून दूर गेला. गांधीजींच्या असहकारात त्यांना राज्यसत्तेची मुळे सैल करण्याची शक्ती दिसली. म्हणजे बॉम्बच्या जवळ होता तेव्हा तो अराजकवादी नव्हता, आणि अराजकवादी झाला तेव्हा बॉम्ब सोडून बसला होता.

२४/ गांधीजींनीही हा शब्द अंगावर घेतला होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयातल्या प्रसिद्ध भाषणात, आपणही अराजकवादी आहोत पण वेगळ्या प्रकारचे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. पुढे विनोबांनी ‘शासनमुक्त समाज’ हा शब्द रूढ केला. एकाच कुळातल्या कल्पनेला मराठीत एकीकडे संतत्वाचा मान मिळतो आणि दुसरीकडे गुन्हेगारीचा डाग. फरक केवळ नावाचा.

२५/ जर्मनीत नाझी आले आणि आचार्य दांपत्याला बर्लिन सोडावे लागले. १९३५ मध्ये आचार्य मुंबईत परतले. १९३७ च्या उत्तरार्धात टिळकांच्या काळापासून पुण्यात निघणाऱ्या ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने त्यांच्या क्रांतिजीवनाच्या आठवणी क्रमशः छापल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सावरकरांवरची रत्नागिरीतली स्थानबद्धता संपली होती. लंडनचे ते दिवस पुन्हा लोकांच्या ओठांवर आले होते.

२६/ या आठवणींचे मोल काय? पाँडिचेरीपासून लंडनपर्यंतची ती वर्षे ज्याने अंगावर काढली त्याचीच ही साक्ष आहे. हेरांच्या अहवालात असा तरुण ‘धोकादायक’ असतो. स्वतःच्या आठवणीत त्याला भूक लागते, भाडे थकते, भाषा अडते, भीती वाटते आणि चुकाही होतात. चळवळ म्हणजे केवळ खटल्यांच्या तारखा नव्हेत, हे अशा लेखनातूनच कळते.

२७/ तरीही आठवण म्हणजे वेदवाक्य नव्हे. १९३७ साली लिहिणारा माणूस अराजकवादी होता. आठवणीतला १९०९ चा तरुण नव्हता. मधली अठ्ठावीस वर्षे लेखणीत उतरणारच. शिवाय राज्य अजून ब्रिटिशांचेच होते आणि अनेक साथीदार हयात होते. काय लिहावे यासोबत काय लिहू नये याचाही विचार अशा लेखकाला करावा लागतो.

२८/ ही अडचण जगभरच्या अशा आठवणींत आहे. क्रोपोत्किनचे आत्मवृत्त १८९९ चे, अलेक्झांडर बर्कमनच्या तुरुंगाच्या आठवणी १९१२ च्या, एमा गोल्डमनचे आत्मचरित्र १९३१ चे. तिघांनीही तारुण्याकडे मागे वळून पाहिले आहे. तरी जगाने ती पुस्तके वाचली, पारखली, त्यांच्याशी भांडण केले. आचार्यांच्या आठवणी पुस्तकरूपात यायला मात्र १९९१ साल उजाडले, आणि तोवर आचार्यांना जाऊन सदतीस वर्षे झाली होती.

२९/ मुंबईत रणछोडदास भवान लोटवाला यांनी समाजवादी आणि स्वातंत्र्यवादी साहित्यासाठी ग्रंथालय आणि संस्था उभारली होती. तरुण डांग्यांना आधार देणारे ते हेच गृहस्थ. आचार्यांना तेथे काही काळ आसरा मिळाला. ते युरोपातल्या नियतकालिकांना लेख पाठवत राहिले. प्रकृती खालावत होती, पैशाची चणचण होती. माग्दा यांच्या चित्रांवर घराचा बराच भार होता.

३०/ कवयित्री मारिना त्स्वेतायेवा हिचे व्यक्तिचित्र काढणारी ही रशियन चित्रकार मुंबईच्या कलाजगतात काम करत राहिली आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये मुंबईतच वारली. २० मार्च १९५४ रोजी आचार्यही गेले. देश स्वतंत्र होऊन साडेसहा वर्षे झाली होती. स्वातंत्र्यासाठी पंचवीसहून अधिक वर्षे परदेशात काढलेल्या या माणसासाठी ना राष्ट्रवाद्यांनी जागा ठेवली, ना कम्युनिस्टांनी.

३१/ कारण उघड आहे. एका बाजूच्या इतिहासात आचार्य म्हणजे सावरकरांचा काठीवाला सोबती. दुसऱ्या बाजूच्या इतिहासात ताश्कंदच्या यादीतले एक नाव, तेही हकालपट्टी झालेले. दोन्हीकडे ते तळटीप आहेत. आयुष्याचा उत्तरार्ध ज्या विचाराला वाहिला, तो विचार मात्र दोन्ही तळटिपांत नाही. ज्याचा पक्ष नाही, त्याची जयंती कोण साजरी करणार?

३२/ कान्हेरे आणि आचार्य यांची नियती येथे एकमेकींसमोर उभी राहते. एकाला आठवणी लिहिण्याइतके आयुष्यच मिळाले नाही. त्याचा आवाज जबानीच्या आणि खटल्याच्या कागदांतून, सरकारी लेखनिकाच्या हातून आपल्यापर्यंत येतो. दुसऱ्याने आठवणी लिहिल्या, छापल्या, पण त्या वाचल्या गेल्या नाहीत. पहिल्याला त्याने न मागितलेले नाव मिळाले आणि दुसऱ्याचे त्याने मागितलेले नाव हिरावले गेले.

३३/ कोणी म्हणेल, एका शब्दाने काय बिघडते? बिघडते ते असे: आजही विद्यार्थ्यांचा संप झाला, शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, की ‘अराजक माजवले जात आहे’ हे वाक्य तयार असते. त्यानंतर मागणी काय होती हे विचारले जात नाही. शंभर वर्षांपूर्वी बनवलेले साचे अजून चालू आहेत, आणि इतिहासप्रेमी ते न तपासता वापरतात तेव्हा साच्याला नवे आयुष्य मिळते.

३४/ म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या कान्हेरे यांच्यावर लिहिताना त्यांना सशस्त्र क्रांतिकारक म्हणावे, राष्ट्रवादी म्हणावे. त्यांच्या मार्गाविषयी मतभेद असतील तर तेही उघड मांडावेत. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते आणि नाशिकमध्ये त्यांचे चाहतेही होते, ही गोष्टही लपवू नये. मात्र ‘अराजकवादी’ हा शब्द आला की थांबावे आणि तो कोणाच्या दप्तरातून उचलला आहे हे पाहावे.

३५/ आणि तो शब्द सन्मानाने वापरायचाच असेल, तर ज्याने तो स्वतः निवडला, तीन सत्ता पाहून निवडला आणि त्यासाठी एकाकीपण पत्करले, त्या तिरुमल आचार्यांसाठी वापरावा. पटो वा न पटो, तो त्यांचा स्वतःचा शब्द होता. माणसाला त्याचे स्वतःचे नाव परत देणे, एवढे तरी इतिहासाने करायला हवे.

।। धागा समाप्त ।।